लिफ्ट केलेली पिकअप मागून परत परत बसते? पाटे वाढवण्याआधी हे तपासा

लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारा संच, बसवून काही महिने झाले की तक्रार ठरलेली असते: "मागून मऊ वाटते, एखादा पाटा वाढवून द्या." पाटे म्हणजे मागच्या बाजूचं वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या. पाटेवाला पाटा वाढवतो, गाडी दोन बोटं उचलते, मालक समाधानाने घरी जातो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाडी होती तिथे आलेली असते. मग आणखी एक पाटा. असं करत करत काही गाड्यांची अशी अवस्था होते की रिकाम्या चालवल्या तर मणके खिळखिळे होतात आणि सामान भरलं तर तरीही बफरवर, म्हणजे चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतात. पैसे जातात ते वेगळेच, पण आधी धडधाकट असलेली गाडी अशी बिघडलेली बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी बोलतोय ते मागे पाटे असलेल्या आणि दोन-तीन इंच उंच केलेल्या पिकअपबद्दल: व्ही-क्रॉस, हायलक्स, झेनॉन, बोलेरो कॅम्पर आणि त्याच घडणीच्या गाड्या. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांचा हिशेब वेगळा.

आधी एक गोष्ट पक्की करा. "मागून मऊ" या तक्रारीमागे चार वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि त्यातल्या एकाच बिघाडावर पाटा वाढवणं हा इलाज आहे. गाडी उभी असतानाच मागून खाली दिसत असेल, तर प्रश्न पाट्यांचा किंवा वजनाचा आहे. उभी नीट असते, पण स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग दोन-तीनदा उसळतो, तर शॉकअप बघा. सरळ रस्त्यावर ठीक आणि घाटातल्या वळणावर झोकांड्या, तर टायरची हवा, बुश (पाट्यांच्या सांध्यातले रबर) आणि सामानाची उंची बघा. आणि पहिल्या गिअरला चढावर उचलताना मागून धडधड किंवा धक्का येत असेल, तर अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, जागेवर पिळवटतो आहे. चारही ठिकाणी पाटाच वाढवला, तर तीन ठिकाणी दुखणं जागच्या जागी राहतं आणि वरून गाडी कडक होते.

टेप घ्या, मोजा

सपाट जागेवर गाडी उभी करा. हँडब्रेक सोडलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. हौदा हाताने दाबून गाडी तीन-चार वेळा हलवा आणि आपोआप थांबू द्या. हे चुकवू नका, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळे गाडी दहा-पंधरा मिलिमीटर वर किंवा खाली अडकून राहू शकते. आता चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या टोपीच्या मध्यबिंदूपासून, मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या. चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका. टायरची हवा आणि टायरचा आकार मध्ये येतो.

इथेच बऱ्याच जणांचा उलगडा होतो. पिकअप कारखान्यातूनच मागे थोडी उंच येते, माल भरल्यावर ती सपाट व्हावी म्हणून. काही ठिकाणी फक्त पुढचा भाग उचलून गाडी "लेव्हल" करतात. अशा गाडीचे मागचे पाटे अगदी ठणठणीत असतात; फक्त आधीची मोकळी उंची दिसेनाशी झालेली असते, त्यामुळे थोडं सामान टाकलं तरी नाक वर आणि शेपूट खाली दिसते. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. अशा वेळी पाटे कडक करून काही मिळत नाही. मागची उंची वाढवा किंवा पुढची थोडी कमी करा.

डाव्या-उजव्या मापात १५-२० मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर पाटा तुटलेला, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) जाम झालेला किंवा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) गेलेला असण्याची शक्यता धरा. टॉर्च घेऊन खाली जा. पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटभोवती आणि पाट्यांच्या फटीत गंजाची लालसर भुकटी दिसली, तर तिथे पाटे हलत आहेत. बफरचा रबर बघा: खालच्या टोकाला चकाकी आली असेल किंवा रबर चिरलेला असेल, तर गाडी रोज तिथे टेकते आहे, मालकाला कळत नसलं तरी.

सिमेंटच्या पोत्यांची चाचणी

पाटे किती कडक आहेत हे डोळ्यांनी कळत नाही, पण मोजता सहज येतं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. चार पोती हौद्यात बरोबर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे ठेवा. गाडी पुन्हा हलवून थांबू द्या आणि माप घ्या. समजा रिकाम्या गाडीत ५८० मिमी होतं आणि २०० किलो टाकल्यावर ५३० झालं. म्हणजे गाडी ५० मिमी बसली: दर मिलिमीटरला ४ किलो.

आता तुमच्या गाडीवर कायम काय असतं ते लिहून काढा. कॅनपी (हौद्यावरचं बंद छत), रॅक, छतावरचा तंबू, फ्रिज, जादा बॅटरी, ड्रॉवर, पाण्याची टाकी, जाडजूड लोखंडी मागचा बंपर. हौशी गाडीवर २८० किलो सहज होतात. भागाकार करा: २८० भागिले ४, म्हणजे ७० मिमी. दोन इंचांचं लिफ्ट म्हणजे ५० मिमी. तुमचं अख्खं लिफ्ट सामानाने खाल्लं आणि वर २० मिमी उधारी झाली. बंपर आणि टाकी अ‍ॅक्सलच्या मागे टांगलेली असेल, तर बसण्याचं प्रमाण याहून जास्त.

आता त्याच मापाचा एक पाटा वाढवला तर काय होईल? सेटमध्ये पाच काम करणारे पाटे असतील, तर कडकपणा साधारण वीस टक्क्यांनी वाढतो: ४ ऐवजी ४.८ किलो. २८० किलोला गाडी ७० ऐवजी ५८ मिमी बसेल. फरक फक्त १२ मिमीचा. मग पाटा टाकल्यावर गाडी एवढी कशी उचलली? ती उचलली नवीन पाट्याच्या कमानीमुळे. आणि ही कमानच काही महिन्यांत बसते. तक्रार फिरून येते ती इथून.

कमान का टिकत नाही

पाट्यासाठी ६५एसआय७ किंवा एसयूपी ९ सारखं स्प्रिंगचं पोलाद लागतं. ते साधारण ८५० अंशांवर तापवून तेलात विझवतात, मग साडेचारशे ते पाचशे अंशांवर पुन्हा तापवून टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा घालवतात. त्यानंतर चांगल्या कारखान्यात पाटा प्रेसखाली नेहमीच्या वापरापेक्षा जास्त वाकवून सोडतात. त्या दाबात त्याला जेवढं बसायचं तेवढं तो तिथेच बसतो, नंतर गाडीखाली फारसा बसत नाही. रस्त्याकडेला थंड पाटा हातोड्याने ठोकून कमान वाढवली, तर यातलं काहीच होत नाही. वजन आणि खड्डे मिळाले की तो ठोकलेली कमान सोडून देतो. गॅसने लाल करून वाकवला तर आणखी वाईट: तेवढ्या पट्ट्यातलं टेंपर गेलं, तिथे एकतर तो मऊ पडतो नाहीतर मोडतो. हातोड्याचे खोल घाव, ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगचा एखादा ठिपका, यातून चीर सुरू होते. पाट्यावर वेल्डिंग कुठल्याही कारणाने करू देऊ नका.

दुसरी चूक ट्रकच्या भंगारातल्या जाड पाट्याची. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिमीच्या जागी ८ मिमी घेतला, तर तो जवळपास दीडपट कडक. ७ मिमीच्या सेटमध्ये १० मिमीचा पाटा घातला, तर तो एकटा जवळजवळ तीन पाट्यांइतका कडक. सेट एकत्र वाकतो, त्यामुळे त्या जाड पाट्यावर ताणही बाकीच्यांपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त येतो. त्याचं टोक जिथे संपतं तिथे वरचा पाटा घासून त्याच्यात खोबण पडते आणि एक दिवस वरचाच तुटतो. मग दोष मूळ पाट्याला दिला जातो. पाटा वाढवायचाच असेल तर जाडी सेटमधल्या पाट्यांइतकी किंवा फार तर एक मिमी जास्त, रुंदी तंतोतंत तीच, आणि लांबी अशी की पायऱ्या सारख्या अंतराने उतरत येतील.

हेल्पर पाट्याकडेही लक्ष द्या. सर्वात खालचा तो जाड, जवळपास सपाट पाटा रिकाम्या गाडीत टेकतच नाही. वजन आल्यावर वरचे पाटे खाली येऊन त्याला भिडतात आणि तेव्हा कुठे खरा कडकपणा सुरू होतो. वरच्या पाट्यांची कमान वाढवली की ही फट वाढते आणि हेल्पर उशिरा कामाला लागतो. परिणामी गाडी उंच होते, पण अर्ध्या वजनाला आधीपेक्षा मऊ वाटते. अशा गाडीत हेल्पर बदलून थोडा कमानीचा घेतला, तर नवीन पाटा न वाढवताही काम होतं. माझ्या मते हा सर्वात कमी वापरला जाणारा आणि सर्वात चांगला उपाय आहे.

कायमचं वजन दीड-दोनशे किलोच्या वर असेल, तर मात्र ठिगळं लावण्यात अर्थ नाही. वजन सांगून पूर्ण सेट बनवून घ्या किंवा त्या वजनाचा तयार सेट घ्या. "दोन इंच लिफ्ट" एवढंच सांगून पाटे मागवू नका. रिकाम्या गाडीसाठी दोन इंच की तीनशे किलो लादून दोन इंच, हे आधी विचारा. पोत्यांच्या चाचणीचे आकडे त्याच वेळी उपयोगी पडतात. आणि सामान अधूनमधूनच असेल, रोज गाडी रिकामीच ऑफिसला जात असेल, तर तीनशे किलोचे पाटे घेऊ नका. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, चाक खड्ड्यात उतरत नाही आणि ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटते. हा धोका कडक गाडीच्या मालकांना लवकर लक्षात येत नाही.

ब्लॉक टाकून उंच केलेल्या गाड्या

अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा ठेवून उंची मिळवली असेल, तर पाटे जसे होते तसेच आहेत. कडकपणात काडीचाही फरक पडलेला नाही. उलट अ‍ॅक्सलला पाट्यांवर जोर लावायला लांब हात मिळाला. जोरात उचलताना चाकं पुढे ढकलतात, अ‍ॅक्सल उलटा फिरू बघतो, डिफ्रेन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरांच्या गोळ्याचं) नाक वर उठतं, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो आणि सुटतो. तीच ती धडधड. खात्री करायची असेल तर फोन चेसिसला घट्ट बांधून डिफ्रेन्शियलकडे रोखा, चित्रीकरण सुरू करा आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचला. नाक उठताना स्पष्ट दिसतं. दिसलं नाही आणि थरथर तरीही असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा, मधला बेअरिंग बघा. लिफ्टनंतर शाफ्टचा कोन बदलतो आणि दोन तुकड्यांच्या शाफ्टला उचलताना थरथर सुटते. त्यासाठी बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पट्टी देऊन कोन सुधारतात. पाट्यांना हात लावायची गरज नसते.

अ‍ॅक्सल खरंच पिळवटत असेल तर ब्लॉक काढून तेवढीच उंची पाट्यांच्या कमानीतून घेणं हा सरळ मार्ग. एकावर एक दोन ब्लॉक तर कधीच नकोत. कोन सुधारायला पाचर टाकायची असेल तर पोलादी टाका. अ‍ॅल्युमिनियमची पाचर दाबाखाली चिरते आणि यू-बोल्ट ढिले पडतात.

लांब शॅकलबद्दल थोडक्यात: दोन इंच लांब शॅकल लावला तर गाडी एकच इंच उचलते, डिफ्रेन्शियलचं नाक वर वळतं आणि गाडी बाजूला जास्त हलते. कडकपणात वाढ शून्य.

शॉकअप

शॉकअप वजन पेलत नाही, उसळी आवरतो. गॅसचा शॉकअप लावून बसलेली गाडी उठणार नाही. पण लिफ्टनंतर मूळ लांबीचाच शॉकअप राहिला असेल, तर खड्ड्यात चाक खाली जाताना तो पूर्ण उघडून टणकन अडतो आणि आतून फुटतो. चेसिसला जॅक लावून, स्टँडवर घेऊन, मागची चाकं लोंबू द्या आणि शॉकअपमध्ये अजून किमान २५ मिमी उघडायला जागा आहे का बघा. मग बफर टेकेपर्यंत दाबल्यावरही तळाला थोडी जागा उरली पाहिजे. मोठे टायर टाकले असतील तर चाक जड झालेलं असतं, त्याची उसळी मूळ शॉकअपला आवरत नाही. उसळणाऱ्या गाडीला पाटा वाढवला तर ती आणखी उसळते, कारण कडक पाटा जास्त जोराने परत फेकतो आणि त्याला आवरणारा शॉकअप तोच कमजोर असतो.

घाटातल्या झोकांड्या

माळशेज किंवा ताम्हिणी उतरताना गाडी डोलते, अशी तक्रार आली की मी आधी टायरची हवा बघतो. जाड साइडवॉलच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर टायरच आडवा मुडपतो आणि दोष पाट्यांवर जातो. मग शॅकलचे आणि पुढच्या डोळ्यातले (पाट्याच्या टोकाच्या गोल भोकातले) बुश पहार लावून हलवून बघा. नंतर छत. साठ-सत्तर किलोचा तंबू कॅनपीच्या वर, म्हणजे जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास, त्यात लिफ्टची भर. तोच तंबू हौद्याच्या कठड्यालगतच्या बुटक्या रॅकवर आणला, तर जो फरक पडतो तो कुठल्याही पाट्याने पडत नाही. पाट्यांच्या बहुतेक पिकअपना मागे स्टॅबिलायझर बार (गाडीचं बाजूला कलणं आवरणारा दांडा) नसतो. तुमच्या गाडीसाठी तो मिळत असेल तर डोलण्यावर खरा इलाज तोच. सरळ रस्त्यावरचा मऊपणा तो घालवत नाही.

एअर बॅग घेताना

वजन कधी असतं कधी नसतं, अशांना पाट्यांच्या जोडीला एअर बॅग, म्हणजे अ‍ॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये बसवायच्या हवेच्या रबरी पिशव्या, सोयीच्या पडतात. भरली गाडी, हवा भरा, रिकामी, सोडा. पण एक धोका नीट समजून घ्या. पाटे चेसिसला दोन ठिकाणी वजन देतात, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. एअर बॅग मधोमध एकाच जागी चेसिस वर ढकलते. हौद्याच्या मागच्या टोकाला वजन किंवा ट्रेलर असेल, तर चेसिस त्या बिंदूवर काटकीसारखी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या चेसिस अशा वाकल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा बसलेली गाडी फुगवून सरळ दाखवण्यासाठी एअर बॅग वापरू नका. रिकाम्या उंचीपेक्षा वर फुगवू नका, आणि सामान अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवा.

बसवताना

चांगले पाटे वाईट बसवले तर तेही परत येतात. यू-बोल्ट नवीनच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तोच ताण धरत नाही. चारही नट आलटून पालटून, तिरपे, टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. एअर गनने एका दमात नाही. यू-बोल्ट ढिला राहिला की पाटे मध्यभागी हलतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि अ‍ॅक्सल मागेपुढे सरकून गाडी तिरकी चालते.

शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट गाडी जमिनीवर स्वतःच्या वजनाने उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले, तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि गाडी काही दिवस उंच दिसते. तो फाटला की गाडी खाली येते आणि मालकाला वाटतं, पाटे बसले.

ब्रेकचं काम राहून जातं म्हणून मुद्दाम सांगतो. बऱ्याच पिकअपना, विशेषतः मालवाहू प्रकारात, मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत दांडी गेलेली असते. माल भरून गाडी बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. दांडीचं ब्रॅकेट लिफ्टइतकंच सरकवून कोन पूर्ववत करून घ्या. चाकं पूर्ण लोंबवून ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, तेही बघा.

पाटे कितीही कडक केले तरी गाडीची अधिकृत भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, चेसिस तेच असतात. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा नोंदलेला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. विम्याचा दावा करताना हा मुद्दा उभा राहू शकतो, तेव्हा काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

काम झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि चारही चाकांची मापं त्याच पद्धतीने घ्या. नवीन पाटे पहिल्या काही आठवड्यांत पाच-दहा मिमी बसतात, त्याची काळजी नको. महिनाभराने पुन्हा मोजा. माप अजूनही उतरतच असेल, तर आकडे घेऊन पाटेवाल्याकडे जा आणि पाटा वाढवून न घेता सेट बदलून मागा.